अर्ध्या पात्रात नाव फिरत नाही

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या गावापाशी तापीवर पूल नव्हता. चोपड्याकडे जायचं तर माझ्या वडिलांच्या, नानांच्या नावेतून. नावेचे नियम नानांना तोंडपाठ होते आणि आम्हाला ते मार खाऊन पाठ झाले होते. नावेत शीळ घालायची नाही. रिकामी घागर न्यायची तर तळाला ओंजळभर पाणी ठेवायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे दोर सोडला की नाव अर्ध्यातून मागे फिरवायची नाही. तापीमायला पाठ दाखवलेली खपत नाही. कुण्या एका नावाड्यानं म्हणे विसरलेल्या मुंडावळ्यांसाठी वऱ्हाडाची नाव मधूनच फिरवली, ती काठाला लागलीच नाही. डोहाच्या पाण्याला कान लावला की अजून सनई ऐकू येते. मला एकदा आली होती. निदान साऱ्या गल्लीला मी तसं सांगितलं होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, पल्याड दिलेली. त्या वर्षी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, माहेरी आली, पण झोक्यावर बसेना की गाणी म्हणेना. तिच्या पाठीवरचे वळ न्हाताना मी पाहिले, आईनंही पाहिले.

"सासर शे ते, बेटा. बठ्ठासनं असंच ऱ्हास," आई म्हणाली, सगळ्यांचं असंच असतं म्हणे, आणि तिच्याबरोबर द्यायच्या सांजोऱ्या बांधायला बसली. आईचा मला त्या दिवशी इतका राग आला की मी जेवले नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही ते.

सहाव्या दिवशी तिची पाठवणी. उन्हं तापायच्या आत आम्ही तिघंच निघालो, नाना, अक्का आणि मी. वैशाखातलं पाणी, डोह सोडला तर नदी पार उतरलेली. ताटातल्या पाण्यासारखं सगळं शांत होतं. मधोमध आलो तेव्हा अक्कानं नानांचं वल्हं धरलं.

"नाना, नाव फिरावा. माले नही जानं."

नानांनी वल्हं सोडलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मग त्यांनी तिचा हात हळूच सोडवला. "बेटा, अर्ध्यामधून फिरता येत नही. तिकडला काठ लागू दे. मंग तुले परत लई येसू."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. अक्काही डोळे पुसून नीट बसली. परत घेऊन येईन म्हणाले होते, आणि नानांचा शब्द म्हणजे शब्द, असं आम्हा दोघींना वाटत होतं.

पल्याड मेव्हण्यांची बैलगाडी उभी होती. त्यांनी अक्काचं गाठोडं उचलून गाडीत टाकलं. "चाला, मामा, उशीर व्हई गया," नानांना म्हणाले. अक्का नानांकडे बघत राहिली. नाना नावेचा दोर खुंट्याला बांधत होते. एवढी साधी गाठ, पण त्यांना ती मारायला फार वेळ लागला. त्यांनी वर पाहिलं तेव्हा गाडी चढणीला लागली होती.

श्रावण लागायच्या आत निरोप आला, पोट दुखून गेली म्हणून. पुरातून आम्ही पोहोचलो तेव्हा चिताही विझली होती. पोट दुखून! कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

नाना त्यानंतरही नाव चालवत राहिले. तसेच नियम, तसाच धाक. माझ्याशी मात्र ते नजर चुकवून बोलत. माझ्या लग्नानंतर एकदा मी त्यांना ओट्यावर एकटं गाठलं आणि विचारलंच, त्या दिवशी नाव का नाही फिरवली?

ते म्हणाले, "नाव बुडी जाती ना, माय."

बुडाली असती तर बुडू द्यायची, मी म्हणाले. नावेत आपण तिघंच होतो, नाना, आणि तिघांनाही पोहता येत होतं.