रिकाम्या पोटी जायचं होतं

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिवंडीत मी शाळेत शिकवत होते. मोठ्या आतड्यात वर्षानुवर्षं जखमा, सारखं रक्त पडायचं. शेवटी आतडं काढलं, तळाचा वीतभर तुकडा तेवढा ठेवला. त्यात कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दरवर्षी ठाण्याला दुर्बिणीने तपासणी. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, पेशी जरा वेगळ्या दिसतात. पुन्हा तसंच दिसलं तर उरलेलंही काढायचं, मग जन्मभर पोटावर पिशवी. मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. मी वह्या तपासत बसले.

निघायच्या सकाळी सासूबाई वाटी घेऊन दारात उभ्या. हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय कुणाला महत्त्वाच्या कामाला सोडतील तर शपथ!

"आई, रिकाम्या पोटी बोलावलंय."

"चमचाभर दह्यानं कुठं पोट भरतं? घे गो गुमान. असं नुसतं जायाचं न्हाय."

वाद घालायचाही कंटाळा आला. चाटलं.

ठाण्याला नर्सने विचारलं, काही खाल्लंत का? खोटं बोलायचं डोक्यातच आलं नाही. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं होतं, म्हणून परत पाठवलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. घरी येऊन मी भांडी आपटली. "झालं समाधान? तुमच्या दह्यापायी तपासणी हुकली!" पुढच्या खेपेला निघाले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. कॅन्सरची सुरुवात होती. ह्यांनी चाचरत विचारलं, "ते तीन आठवडे..." डॉक्टर म्हणाले, "छे हो, त्याने काडीचा फरक पडलेला नाही. हे कितीतरी आधीपासून चाललंय."

घरी आलो. हे चपला काढत होते. सासूबाईंनी माझा चेहरा पाहिला आणि पदर तोंडाशी धरून विचारलं, "माझ्यापायी झालं काय गो?"

फक्त 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. उत्तर माहीत होतं. राग होता म्हणावं तर तोही उरला नव्हता. मी पाणी प्यायले आणि आत जाऊन पडले. ह्यांना वाटलं, मी सांगितलं असेल.

दुसरं ऑपरेशन झालं. मी वाचले. सासूबाई त्यानंतर चार वर्षं होत्या. माझी पिशवी धुवायचं पाणी रोज त्याच तापवायच्या. मी त्यांना सांगितलंच नाही.