कावळ्याची साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या वैजूला तर नाहीच. वैजू म्हणजे वैजयंती, माझी बायको. आज ती मुलुंडला बहिणीकडे गेली आहे, संध्याकाळी परत येईल. उद्या आईचं वर्षश्राद्ध आहे. म्हणजे माझ्या हातात आजची दुपार आहे — आणि समोर तुम्ही आहात. एकदा तरी हे शब्द बाहेर पडायला हवेत. जीभ अजून वळत नाही, म्हणून जरा आडवळणाने सुरुवात करतो. कावळ्यापासून.

आम्ही भांडुपला राहतो. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या खिडकीसमोर मेट्रोचं काम सुरू झालं. ब्रेकर, क्रेन, हॅलोजनचे दिवे, निळ्या पत्र्यांचं कुंपण. मांडणीवरची भांडी थरथरायची, चहावर धुळीची साय धरायची. शेजारचे काका कानात कापसाचे बोळे घालून पेपर वाचायचे. आणि या सगळ्याच्या मधोमध, तोडायच्या राहून गेलेल्या एका झाडावर कावळ्याच्या जोडीने घरटं बांधायला घेतलं. काटक्या पुरेनात, तर त्यांनी बांधकामावरची तार पळवली — लोखंडी सळया बांधायची ती काळी तार. चोचीने वाकवायची, अडकवायची, पुन्हा दुसरी आणायची. एकदा कामगारांनी फांदी छाटली आणि अख्खं घरटं खाली आलं. दुसऱ्या दिवशी दोघं वरच्या फांदीवर हजर!

मी वर्गात शिकवतो ते खिडकीबाहेर चाललं होतं. ताण आला की प्राण्यांची वीण थांबते, हे खरं आहे. पण नेहमी नाही, सगळ्यांची नाही. ज्यांचा हंगाम तोकडा, पुन्हा संधी मिळेल याचा ज्यांना भरवसा नाही, अशा कितीतरी जिवांचं शरीर तेवढ्या काळापुरतं घाबरणंच कमी करतं. धोका कळतो, पण अंड्यांवरून उठवत नाही. खाली ब्रेकर चालू असायचा आणि कावळी बसलेली असायची. नर तिला घास आणून द्यायचा. खणलेल्या खड्ड्याच्या कडेला पाइपात कुत्री व्यायली होती. कबुतरांचं तर बोलायलाच नको, त्यांनी एसीच्या मागे तीन पिढ्या काढल्या.

मला हे सगळं ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते अडाणीपणाने केलेलं नाही.

कावळीवर खरं लक्ष होतं ते वैजूचं. ती दिवसभर घरी असायची. का असायची? — तिथेच तर सगळं अडकलं आहे.

त्याआधी वैजू मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगवर सुपरवायझर होती. आवाज असा की मशिनच्या वरून ऐकू जायचा. ट्रक उशिरा आला तर ड्रायव्हरची ती अशी हजेरी घ्यायची की तो पुढच्या वेळी लवकर यायचा. घरी आली की पायातली चप्पल काढता काढताच कारखान्यातल्या गोष्टी सुरू. तिला ते काम मनापासून आवडायचं. पण लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं.

आमची आई मालवणी. मुंबईत जन्म गेला तरी तोंडातली भाषा गावचीच. पाळी हा शब्द तिने उभ्या आयुष्यात उच्चारला नाही. जुन्या बायकांसारखं ती विचारायची, "कावळो शिवलो काय गो?" दर महिन्याला. आमच्या वन रूम किचनमध्ये बाजूला बसणं वगैरे काही नव्हतं, नुसता प्रश्न असायचा. वैजू मान हलवायची, आई सुस्कारा टाकून भाताला आधण ठेवायची. मी पेपर वाचत असायचो. निदान पेपर धरून बसलेला असायचो.

आईने कारणही शोधून ठेवलं होतं. तिच्या मालवणीत एकच इंग्रजी शब्द पक्का बसला होता — टेन्शन. "नोकरी सोड गो बाये. टेन्शनात पोर रवणा नाय." मग मावशी तेच म्हणाली, शेजारीण तेच म्हणाली, वैजूची सख्खी बहीणही तेच म्हणाली. टेन्शन घेऊ नकोस, होईल. मूल न होणाऱ्या बाईला हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं, याचा हिशेब कुणी ठेवला आहे का?

घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वैजूच्या सगळ्या तपासण्या झाल्या. दुखणाऱ्याही झाल्या, ती दात आवळून पडून राहिली. काही दोष निघाला नाही. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, आता तुमची तपासणी.

तुम्हाला सांगतो, मानवी प्रजनन हा धडा मी दर वर्षी शिकवतो. रंगीत खडूंनी फळ्यावर आकृती काढतो. पोरं खुसखुसली की दरडावतो — यात हसण्यासारखं काय आहे? शरीर आहे हे! तोच मी त्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला. "सर, तुम्ही?" माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या हाताशी त्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या रचलेल्या होत्या.

मी म्हणालो, मित्राचा रिपोर्ट न्यायला आलोय, पण नंतर येतो. आणि बाहेर पडलो. नाक्यावर उसाचा रस प्यायलो. घरी येऊन वैजूला म्हणालो, झालं. नॉर्मल आहे.

लाज वाटली, म्हणून पळालो. एवढ्यावरच राहिलं असतं तर तो नुसता भित्रेपणा झाला असता. पण वैजूने विचारलं, "मग होत का नाही रे?" आणि मी — कुणी गळ्यावर सुरी धरली नव्हती — मी म्हणालो, आई म्हणते तेच असेल. तुला टेन्शन फार आहे.

डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट मागितला तेव्हा घरी राहिला म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला पुन्हा मागतील, म्हणून पुढची खेपच होऊ दिली नाही. त्या बाईंना काही कळत नाही, उगाच तुला त्रास देतात, असं वैजूला पटवलं. माझा शब्द घरात चालायचा. जीवशास्त्राचा माणूस ना! त्याच महिन्यात वैजूने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी बायकांनी तिला एक हिरवी साडी दिली. ती तिने अजून नेसलेली नाही.

तर अशी ती खिडकीत बसून कावळी बघायची. एका दुपारी ब्रेकरच्या आवाजात ओरडूनच तिने विचारलं, "काय रे, हिला टेन्शन येत नसेल?"

सांगता आलं असतं. दार आपणहून उघडलं होतं. मी म्हणालो, "माणसाचं वेगळं असतं गं."

ती पुन्हा कावळीकडे वळली. मग म्हणाली, "मग मीच कशी एवढी नाजूक निघाले रे?"

ट्रक ड्रायव्हरना धाकात ठेवणारी माझी वैजू. तिला नाजूक मी केलं. ती तशी नव्हती आणि नाही, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं? पिल्लं उडाली त्या दिवशी तिने शिरा केला. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. पुढे तिने पुन्हा नोकरीसाठी खटपट केली, पण मधली वर्षं रिकामी आणि वय वाढलेलं, कुणी घेतलं नाही. ती घरीच राहिली. आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं.

आणि मग आईचा दहावा दिवस.

पिंड ठेवला. समोर झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी काय होतं. जो तो पुढे होऊन गेलेल्या माणसाची इच्छा पुरी करायचं वचन देतो. गावचं घर नीट ठेवतो, बोललो. देवाचं कार्य चुकवणार नाही, बोललो. कावळा हलेना. ऊन चढत चाललं. तेव्हा मामा आपल्या बहिणीबद्दल हळूच म्हणाला, "बायचो जीव नातवात अडकलो." सगळे गप्प झाले आणि सगळ्यांनी वैजूकडे पाहिलं.

वैजू पुढे आली. पदर सावरला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "आई, माझं चुकलं. तुम्ही सांगत होता, मी वेळेवर ऐकलं नाही. नातवंड देऊ शकले नाही. मला माफ करा."

आणि कावळा उतरला. भाताला चोच लावून गेला. शिवला, शिवला! मामाने डोळे पुसले. वैजू ढसाढसा रडली. तिला वाटलं, सासूने माफ केलं. माणसं गप्प उभी राहिली म्हणून भुकेला पक्षी खाली आला, एवढंच झालं होतं. पण सगळ्या नातेवाइकांसमोर त्याने वैजूच्या विरुद्ध साक्ष दिली, आणि ती खोटी आहे हे त्या घोळक्यात एकालाच ठाऊक होतं. तो एक जण ओल्या धोतराने उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही.

त्यानंतर मी त्याच लॅबमध्ये गेलो. तीच मुलगी, आता तिथली प्रमुख झाली आहे. "बसा सर," एवढंच म्हणाली. ज्यांना इतकी वर्षं घाबरलो ते हे दोन शब्द होते. मग डॉक्टरांनी तपासलं. शुक्रवाहिनी नावाची जी नळी मी दर वर्षी निळ्या खडूने काढतो, ती माझ्या शरीरात दोन्ही बाजूंना जन्मापासूनच नाही. आत बीज आहे, बाहेर यायला वाट नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असतात तर सुईने काढून उपचार करता आले असते, मूल होण्याची चांगली शक्यता होती. वैजूचं वय आता ते राहिलेलं नाही. म्हणजे मी तिची नुसती नोकरी घालवली नाही. आई व्हायची तिची संधीही घालवली. तिच्या अंगात सगळं धड असताना.

आता आडवळण संपलं. संध्याकाळी ती येईल. चहा मी करीन आणि तिला सांगेन — लॅब, उसाचा रस, टेन्शन, निळी नळी, सगळं. ती ओरडेल, की उठून पुन्हा मुलुंडला जाईल, की काहीच बोलणार नाही, ते तिचं ती ठरवील. आईला शेवटचं काय वाटत होतं, ते आता बदलता येणार नाही. पण उद्या मामा येईल, मावशी येईल, त्या दिवशी तिथे उभे असलेले सगळे येतील. वैजूने त्यांच्यासमोर हात जोडले होते, तर मीही त्यांच्यासमोरच बोलेन. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवतात, ते ठेवायच्या आधी बोलेन. माझं बोलून झाल्यावरच पान ठेवायचं. मग कावळा शिवो, नाहीतर न शिवो.