रागावलेल्या चेहऱ्यांची गाणी

दुपारच्या ओहोटीला खाडीवरून जो वारा सुटतो, त्याला चिखलाचा, कुजलेल्या पानांचा आणि मिठाचा एक संमिश्र गंध असतो. पनवेलच्या नव्या वस्तीतल्या माझ्या सदनिकेपर्यंत पोचता पोचता वाटेतल्या बांधकामांची धूळही त्यात मिसळते. पण खिडकी उघडी असली की तो आत येतो, भिंतीला टेकवलेल्या बेस गिटारच्या तारांना गंज चढवतो आणि निघून जातो. एकट्या माणसाच्या घरी न विचारता येणारं दुसरं असतं तरी कोण? म्हणून मी खिडकी लावत नाही.

परवा तो वारा घरात होता आणि मी आमच्याच बँडचे व्हिडिओ बघत बसलो होतो. ‘खारफुटी’ हे आमच्या बँडचं नाव. रूपेश गायचा, मी बेस वाजवायचो. उरलेले दोघे आता परदेशी स्थायिक झालेत आणि दिवाळीला न चुकता पणतीचं चित्र पाठवतात. रूपेश एका साध्या वाटलेल्या तापाने गेला, तेव्हा त्याची मुलगी श्रेया पाळण्यात होती. आता ती शाळेत जाते. सकाळी तिच्या आईचा, वैशालीचा, उरणकडच्या गावाहून फोन आला होता.

“भावजी, पोर रोज बापाची गानी लावते,” ती म्हणाली. “काल मना इचारते, पप्पा सगल्यांवर रागावलेले का? यकात तरी हसलेत का वं ते? नाय तर तिला वाटंल, बाप तसाच व्हता.”

त्यांच्या घरी रूपेशचं दुसरं काही नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्ये रूपेश फेट्याखाली अवघडून बसलेला, आणि मोबाइलवर टिपलेलं जे काही होतं ते मोबाइल बिघडला तेव्हा त्याच्याबरोबरच गेलं. ज्या मुलीला बापाचा स्पर्श आठवत नाही, तिच्या वाट्याला त्याची नुसती आठी यावी, हे मला सहन होईना. बघतो, असं सांगून मी पहिल्या व्हिडिओपासून सुरुवात केली.

पहिला तळोज्याचा. कारखान्याची लांबलचक भिंत, तिच्यावरून चढत जाणारा पिवळसर धूर आणि भिंतीपुढे काळ्या टी-शर्टातले आम्ही चौघे. रॉक म्हटलं की कपाळाला आठी हवीच, अशी आमची तेव्हा पक्की समजूत होती. पोटं भरलेली असायची, आईने दिलेला डबा पिशवीत असायचा, आणि चेहऱ्यावर मात्र साऱ्या सृष्टीविषयीचा संताप. रूपेश तर कॅमेऱ्याकडे असा बघतोय, जणू कॅमेऱ्याने त्याचं घोडं मारलंय. वास्तविक या माणसाला हसू आवरणं ही जन्मभराची अडचण होती.

दुसरा करंज्याच्या बंदरातला. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, उभा राहून रूपेश गातोय, केस वाऱ्यावर उधळलेले, मागे सुकत घातलेल्या मासळीच्या रांगा. त्या दिवशी लाटांनी आमच्या ड्रमरची दाणादाण उडवली होती आणि रूपेश पोट धरून हसला होता, हे मला लख्ख आठवतं. पण ते सारं कॅमेरा थांबल्यावरचं. पुढचेही तसेच. गच्चीवरचा, पुलाखालचा, आणि शेवटी तो रिकाम्या सभागृहातला, ज्याच्या चित्रीकरणाला आम्ही चौघे वेगवेगळ्या दिवशी येऊन गेलो आणि संगणकाने आम्हाला शेजारी उभं केलं. आमच्या बँडचा सारा इतिहास डोळ्यांपुढून सरकला. आधी खांद्याला खांदा, मग हातभर अंतर, मग एकेकट्याची चौकट. त्यात यश होतं, टाळ्या होत्या, आमची वाढती वयं होती. आपलं आयुष्य आपण टिपून ठेवतो म्हणतो, ते नेमकं कोणतं आयुष्य?

एक व्हिडिओ मी मुद्दाम वगळला होता. मिठागरातला. तो तर आमचा सर्वांत गाजलेला, आणि गाजला तो रूपेशच्या रडण्यामुळे. पाण्याचे चौकोनी आरसे, कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि मध्ये रूपेश डोळे मिटून उभा, शेजारी गिटार घेऊन मी. हळूहळू रूपेशचं तोंड वेडंवाकडं होतं, मान खाली जाते, खांदे गदगदतात. घरची मिठागरं भरावाखाली गेलेल्या पोराचं हे रडणं पाहून अनोळखी माणसांनी व्हिडिओखाली हळवे शब्द लिहिले. आम्हीही कुणाला काही समजावत बसलो नाही.

कारण ते रडणं नव्हतंच. संथ चित्राचा, म्हणजे स्लो मोशनचा, तो व्हिडिओ, आणि संथ चित्रासाठी उलटं करावं लागतं: गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्या वेगाला ओठ जुळवायचे, मग चित्र निम्म्या गतीने दाखवायचं. त्या भर दुपारी आमचं ते गंभीर गाणं स्पीकरमधून चिवचिवत बाहेर पडलं. मीठ ओढणारी एक म्हातारी फावडं टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “कोंबरीचं पिलू गातंय का रं?” रूपेशचा बांध तिथे फुटला. ते हसणं निम्म्या गतीला आलं आणि विलाप होऊन बसलं.

लोक त्याला ज्या गतीने बघत होते ती त्याची नव्हतीच, हे मला इतक्या वर्षांनी, रिकाम्या घरात, हातात मोबाइल असताना सुचलं. मी वेग दुप्पट केला. गाणं चिवचिवलं, पाणी थरथरलं आणि रूपेश हसला. गुडघ्यांवर हात टेकून, श्वास तुटेपर्यंत, अगदी त्या दुपारी हसला होता तसा हसला. मी ढसाढसा रडलो. घरात कुणी नसल्याची ती एक सोय असते.

रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. श्रेया मोबाइल मांडीवर घेऊन ओटीवर बसली, वैशाली तिच्या मागे उभी राहिली. पहिल्यांदा संपलं तसं श्रेयाने ते पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि तिसऱ्यांदा ती आईच्या पदरात तोंड खुपसून खिदळली. “पप्पांना जाम हसू येतंय,” ती म्हणाली. वैशालीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

मग श्रेयाने पडद्यावर बोट टेकवलं. रूपेशच्या शेजारी गिटार घेतलेला एक दाढीवाला तरुण हसता हसता पाण्यात बसला होता. “आणि यो कोन?”

“यो काका हाय ना तुजा,” वैशाली म्हणाली.

तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ती जन्मली तेव्हापासून मी त्यांच्या घरी येतो. “काका नाय यो,” ती ठामपणे म्हणाली.

तिची खात्री पटावी म्हणून मी तिच्यासमोर बसलो आणि हसून दाखवायला गेलो; ओठ ताणले गेले, पण हसू काही येईना. श्रेया माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

“भावजी,” वैशाली हलकेच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.”