साडूंचं पक्कं मत

आमच्या साडूंच्या पोटातली गोष्ट काढून घेणारा माणूस लिंबायतमध्ये अजून जन्माला यायचा आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे आमच्यासारखेच खानदेशचे, पण आता इथे गुजराती मुलखात अख्खी गल्ली त्यांच्या चक्कीवरचं पीठ खाते. एरवी माणूस भलता बडबड्या. कोणाची सून रुसली, कोणाची बाजरी किडली, सगळं न विचारता सांगतील. मात्र निवडणूक लागली आणि कोणी "औंदा कोणाले?" म्हटलं, की त्यांचा हात थेट बटणाकडे जातो. दाणे असोत वा नसोत, चक्की सुरू! त्या घरघरीत पुढचं कोणालाच ऐकू येत नाही. निवडणुकीच्या महिन्यात त्यांच्या चक्कीचे दगड दळणापेक्षा प्रश्नांनीच जास्त झिजतात.

प्रचाराला येणाऱ्यांची तर ते मुळीच निराशा करत नाहीत. एका पक्षाचा कार्यकर्ता गुजरातीत विचारतो, "काका, आपणुं पाकुं ने?" म्हणजे, आपलं मत पक्कं ना? साडू म्हणतात, "एकदम पाकुं!" त्याची पाठ वळते न वळते तोच दुसऱ्या पक्षाचे येतात. त्यांचंही पाकुं! मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर मांडलेल्या प्रत्येक पक्षाच्या टेबलावरून ते आपल्या नावाची चिठ्ठी घेतात. कोणाला वाईट वाटायला नको. मी एकदा चिडून विचारलं, "साडू, तुम्हाला कणा आहे की नाही?" त्यांनी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या आणि चक्की सुरू केली.

खरं तर कणा त्यांना होता. पूर्वी एकदा त्यांनी मनातलं सरळ सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या गल्लीचे डबे पलीकडच्या चक्कीवर जायला लागले, आणि माझी मेहुणी दारात बसून ते जाताना बघायची. आमच्या लोकांना गुप्त मतदान अगदी मान्य आहे. ते आपल्यापासून गुप्त नसावं, एवढीच अट.

यंदा मतदानाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. साडू मशीनपाशी गेले ते बाहेरच येईनात. "काका, जल्दी करो!" अधिकारी ओरडले. रांग खो खो हसली. बाहेर आल्यावर मीही टर उडवली, "अजून ठरत नव्हतं का?"

साडूंनी आधी आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं.

"ठरेल व्हतं, भाऊ," ते हळूच म्हणाले. "पन तठे मशीनपाशी माले कोनी काही इचारत नही. जरासं उभं राहाले बरं वाटनं."

मला एकदम वाईट वाटलं. 'कोणाला?' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो गिळून मी त्यांच्यासोबत घराकडे चालू लागलो.