पुढच्या सीटची वायर

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या वैशाखात, माझ्या मामेबहिणीच्या लग्नाच्या दिवशी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पवनारला आमच्या दारात उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीत. करणारे दोघे: माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आणि त्यांचे जावई. पाहणाऱ्या दोघी: मोठेबाबांची मुलगी, म्हणजे माझी ताई, आणि मी. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून मला ही सवयच लागली आहे. कोणावर, कधी, कुठे ते आधी सांगून टाकायचं, नाहीतर मागून लोक म्हणतात, असं काही झालंच नव्हतं. मोठेबाबा आजही तेच म्हणतात.

आईकडे काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेअर आहे. त्याला रेकॉर्डिंगचं बटण आहे, आणि त्या बटणाच्या जोरावर आईने त्यात माझ्या मावशीचा आवाज भरून ठेवला आहे. मावशी टोमण्याची गाणी म्हणायची. लग्नात पंगत बसली की मुलीकडच्या बायका मुलाकडच्यांची जी गाण्यातून धुलाई करतात, ती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात तिच्या तोडीची बाई नव्हती. दोन वर्षांपूर्वी मावशी गेली, आणि या लग्नाच्या आठ दिवस आधी मामीचा आईला फोन आला.

"बाई, यावेळी गाणं तुम्हालेच उचला लागते. तिकडून अमरावतीची एक जण येऊन राह्यली. लय तोंडाची हाय म्हणते."

आईला चाल पाठ, कडवी मात्र अर्धी. उरलेली अर्धी त्या काडेपेटीत. इयरफोनचा एक कान कधीचाच गेलेला, दुसरा ऐन त्या आठवड्यात गेला. माझे इयरफोन बिनतारी, ते त्या जुन्या प्लेअरला ओळख देत नाहीत. गाणी फोनमध्ये घेऊन देते, असं मी आईला चार वर्षं सांगत होते. चार वर्षं! तहसीलदाराने सहा महिने लावले तर मी दारात बसते. तेव्हा हा गुन्हा माझ्या नावावर लिहा. तो भरून काढायला मी आदल्या दिवशी वर्ध्याहून दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आणली. एक टोक प्लेअरला, एक गाडीच्या स्टेरिओला. लग्नाच्या गावापर्यंत, कारंजा घाडगेपर्यंत, दोन तासांचा रस्ता, मागच्या सीटवर बसून आई कडवी पक्की करणार. इतकंच मागणं होतं.

पण वायर हातभर. आणि पुढच्या सीटवर जावई.

आमच्याकडे जावई गाडीत असला की पुढची सीट त्याची, यावर चर्चा होत नाही. मोठेबाबा गाडी चालवणार, जावई पुढे, आम्ही तिघी मागे, आईच्या मांडीवर आहेराची पिशवी. त्यात आणखी एक भानगड. मोठेबाबा आईचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. आई त्यांच्याशी थेट बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर पदर, आणि बोलणं मधल्या माणसाकरवी. त्या गाडीत मधलं माणूस मी.

"तुह्या मोठेबाबाले सांग, गाणं लावा लागते," आई म्हणाली.

मोठेबाबा वीतभर अंतरावर. त्यांनी ऐकलं नाही. ऐकायचं नसतं.

"मोठेबाबा, आई म्हणते गाणं लावा."

"तुह्या आईले सांग, जावईबापू लावून देतीन."

वायर आणि प्लेअर मी पुढे दिले. जावयांनी प्लेअर दोन बोटांत धरून उलटासुलटा पाहिला.

"काय साळीबाई, हे कोणत्या म्युझियममधून उचललं? का मोर्च्यात वाटतात?"

"तुम्ही पिन लावा ना."

त्यांनी पिन स्टेरिओच्या भोकात खुपसली. ती निम्मी गेली आणि अडली. त्यांनी जोर लावला. घर्र, खर्र, मग मावशीच्या आवाजाचा एक तुकडा, जणू विहिरीतून हाक मारतेय, आणि बंद. आई पुढे झुकली. पुन्हा घर्र. मग जावयांनी निकाल दिला.

"मशीन गेलं, काकू. चायना माल."

"चालते ना ते," आई म्हणाली. "काल चाललं. पिन पुरी नाई गेली जावईबापू."

"गेली, गेली. मशीनच तसं हाय."

असं म्हणून त्यांनी वायर उपटली, प्लेअर मागे दिला आणि आपला फोन ब्लूटूथवर जोडून नाचायची गाणी लावली. मोठेबाबांनी मान डोलवली. मी म्हटलं, निदान पाच मिनिटं तरी शांतपणे पाहा, काय अडतंय ते. मोठेबाबा म्हणाले, "पोट्टी, गाडीत तरी आंदोलन नको करू."

खरांगणा गाव मागे पडलं. आई खिडकीबाहेर पाहत पुटपुटत होती, चौथ्या कडव्यापर्यंत पोचायची, थांबायची, परत पहिल्यापासून. पुढून ढोल वाजत होता. ताईने नवऱ्याला दोनदा म्हटलं, "अहो, आवाज कमी करा." दोन्ही वेळा त्यांनी वाढवला, त्यांना वाटलं, तिला आवडलं.

आर्वीला चहासाठी गाडी थांबली. पुरुष उतरले. बायकांचा चहा गाडीत येतो, ही आणखी एक रीत, पण त्या दिवशी तिनेच आम्हाला वाचवलं. किल्ली स्टेरिओसाठी चालू ठेवलेली होती. आई मागचं दार उघडून उतरली, पुढचं दार उघडून जावयांच्या सीटवर बसली आणि स्टेरिओपाशी नाक नेलं.

ही गाडी मोठेबाबांनी दसऱ्याला घेतली होती, वापरलेली. तिची पूजा त्यांनी स्वतः केली. चाकांना हळद-कुंकू, स्टिअरिंगला हळद-कुंकू, आणि स्टेरिओलाही, कारण त्यांच्या मते गाडीतली सगळ्यात भारी वस्तू तीच. स्टेरिओला कपाळ कुठे असतं? त्यांनी बरोब्बर मधोमध टिळा लावला, वर अक्षता दाबल्या, आणि पुसायचं नाही असा हुकूम काढला. तो लाल गोल सात महिन्यांनंतरही तिथेच होता. त्याच्या मधोमध ते भोक होतं.

आईने हातातल्या बांगडीला लावलेली सेफ्टी पिन काढली. जीभ दातांत धरून पिन भोकात फिरवली, टोकरलं, पुन्हा टोकरलं. तळहातावर काहीतरी पडलं. तांदूळ. एक अख्खा दाणा, कुंकवाने लाल, वाळून खडखडीत.

ताई हसून हसून चहा सांडायच्या बेतात. "बाबांनी सोताच कोंबला! अन् मशीनले नावं ठेवून राह्यले!"

आईने वायर जोडली. टक्कन आवाज करत पिन पूर्ण आत गेली. आणि मावशी गायला लागली. खणखणीत, चारी दारांतून. ताईच्या लग्नातलं रेकॉर्डिंग होतं ते, मागे ताटं वाजताहेत, बायका फिदीफिदी हसताहेत. तेवढ्यात चहा संपवून दोघे पुरुष आले, आणि मावशीने नेमकं हे कडवं उचललं:

"नवरदेव आला मोटारीत निजून,
उठवा गं बायांनो पाणी शिंपडून!"

जावई दाराशी थबकले. "हे... कोणाच्या लग्नातलं हाय?"

"तुमच्याच," ताई म्हणाली. "वरात दारात अन् तुम्ही घोरत होते."

आईने सीट सोडली नाही. वायर हातभर होती ना. जावयांनी मोठेबाबांकडे पाहिलं, मोठेबाबांनी माझ्याकडे. "तुह्या आईले सांग..." ते सुरू झाले, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात आई त्यांच्याकडे वळली. पदर सावरला, तळहात पुढे केला आणि सरळ त्यांच्याशी बोलली. माझ्या जन्मात पहिल्यांदा.

"भाऊजी, हा घ्या तुमचा तांदूळ. आता कारंजापावतर मी इथंच बसतो."

मोठेबाबांनी दाणा हातात घेतला. टाकावा तर पूजेचा. ठेवावा तर कुठे? त्यांनी तो खिशात टाकला आणि गाडी सुरू केली. जावई माझ्या आणि ताईच्या बाजूला, आहेराची पिशवी मांडीवर घेऊन. मावशी पुढचे पंचवीस किलोमीटर त्यांना सोलत होती, कारण आई प्रत्येक कडवं तीन-तीनदा मागे घेत होती. गुडघे सीटला टेकले म्हणून ते कुरकुरले. मी म्हटलं, "जावईबापू, गाडीत तरी आंदोलन नको."

पंगतीत अमरावतीच्या बाई खरंच तोंडाच्या होत्या. आईने मावशीची सगळी कडवी एकापाठोपाठ एक सोडली, कुठे अडखळली नाही. शेवटी मावशीचा साठा संपला, समोरच्या बाई जिंकल्यासारख्या हसल्या, आणि आईने एक घरचं कडवं काढलं:

"विहीणबाईची गाडी लय झोकाची,
कानात तांदूळ, ऐकते कोणाची?"

मांडव हसला. आमचे मोठेबाबा जिलेबी खात होते, ते सोडून सगळे हसले. अमरावतीच्या बाईंनी हसत हात जोडले.

मावशीची गाणी आता माझ्या फोनमध्ये आहेत, आईच्या फोनमध्ये आहेत, ताईच्याही आहेत. माझ्या नावावरचा गुन्हा मी फेडला. आता तुमचं पाहू. तुमच्याही गाडीत मागे कोणीतरी बसलेली आहे, मांडीवर पिशवी घेऊन, आणि तिची पिन अर्ध्यात अडली की तुम्ही मशीनला दोष देता. पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा किल्ली फिरवायच्या आधी मागे वळा, तिला काय ऐकायचं आहे ते तिलाच विचारा, आणि वायर पोचत नसेल तर पुढच्या सीटवरून उठा.

जावई असाल तर आधी उठा.