निळ्या दाराचा तुकडा

माझ्या शिलाई मशीनच्या मागं, जिथं दुसऱ्या शिवणाऱ्या बायका गिऱ्हाइकांच्या कापडांचे गठ्ठे ठेवतात, तिथं माझे पझलचे खोके आहेत. चित्राचे शेकडो तुकडे असतात, ते जोडून परत चित्र करायचं, ते पझल. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका खोके बघतात अन् विचारतात, "नातवंडांचं का गं?" माझा लेक अजून कॉलेजात शिकतोय, नातवंडं कुठली! "माझंच हाय," म्हटलं की तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. पन्नाशीला टेकलेली बाई खेळली म्हणून काही आभाळ कोसळत नाही.

भोरातल्या नोकरदार घरांमधली मुलं मोठी झाली की असले खोके माळ्यावर जातात आणि तिथून माझ्याकडं येतात. एखाद्यात तुकडे कमी असतात, एखाद्यावर चित्रच नसतं. मला सगळे चालतात. पहिल्या खोक्याला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी सासूबाईंचं सांगायला हवं.

आमचं उत्रोलीत भाताचं रान आहे. चार वर्षांमागं लावणीच्या दिवसांत मी बांधावरून घसरले आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना भेटेनात. शिवणाऱ्या बाईचं सगळं त्या दोन बोटांतच असतं हो! सुई तिथं, खडू तिथं, कातर तिथं. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, बारीक वस्तू उचलत जा, हात येईल. "कधी?" म्हटलं, तर म्हणाले, "ते तुमच्यावर आहे." दिवाळीच्या शिलाईचे दिवस तोंडावर आलेले आणि गिऱ्हाइकं एकेक करून कापडं परत न्यायला लागलेली. हात आला नाही तर मी कोण उरणार, एवढंच डोक्यात फिरायचं.

डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मी दोनदा उकिरड्यावर भिरकावला, तोही डाव्या हातानं. दोन्ही वेळा आमच्या मालकांनी तो धुऊन परत आणला. "जरा दमानं घे. पी हळद अन् हो गोरी, असं असतंय व्हय?" म्हणाले. मी त्यांनाही सोडलं नाही. हात मोडला तरी जीभ शाबूत होती.

गौरीला पुण्याहून वन्सं आल्या. त्यांनी आपल्या मुलांचा एक जुना खोका माझ्यापुढं ठेवला. वर चित्र होतं, परदेशातलं तळ्याकाठचं घर, मागं बर्फाचे डोंगर, घराला निळं दार. "वैनी, ह्यानं बोटं चालतील," म्हणाल्या. मी म्हटलं, "वन्सं, माजा हात गेलाय, अक्कल न्हाई गेली. लहान पोर हाय का मी?" बिचाऱ्या खोका तिथंच ठेवून आत गेल्या. आज त्यांना रोज हात जोडावेत असं वाटतं, पण तेव्हा काय, तोंडाला लगाम नव्हता.

खोका तसाच पडला असता. तो उघडला आत्याबाईंनी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. बावीस वर्षं आम्ही एका घरात होतो, पण कामापुरतं बोलायचो. लग्नानंतर मी हौसेनं त्यांना पहिली चोळी शिवली होती. ती काखेत आवळ झाली. त्यांनी घरभर पाहुण्या बायका बसलेल्या असताना म्हटलं, "हात वर क्येला की फाटंल ही." बायका खो खो हसल्या. त्या दिवसापासून अख्खं गाव माझ्या दारात ब्लाउज टाकायचं आणि आमच्या आत्याबाई खण घेऊन एसटीनं भोरच्या शिंप्याकडं जायच्या. त्या विसरल्या नाहीत आणि मीही नाही. दोघी एकाच माळेचे मणी!

तर वन्सं गेल्यावर आत्याबाईंनी खोका उचलला आणि सगळे तुकडे सुपात ओतले. तांदूळ निवडण्यात जन्म गेलेली बाई. खडा काढावा तसा एकेक तुकडा वेगळा करायला लागल्या. सरळ कडेचे तुकडे एका बाजूला काढले. मी विचारलं, "ते का वेगळं?" तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ही बांधाची हायती. आदी बांध घालावा, मग आत चिखल करावा. बांधाबिगर खाचर उभं ऱ्हातंय का?" पझल जोडणारे सगळेच आधी कडा लावतात, हे मला फार नंतर कळलं. आत्याबाईंना ते कुणी शिकवलं नव्हतं.

माझं कापडं बेतायचं टेबल रिकामंच होतं. त्यावर चित्र मांडलं. त्यांचा नियम एकच होता. तुकडा त्या शोधणार, पण उचलून लावायचा मी, उजव्या हातानं. डावा हात पुढं आला की चापट. मी चिडायचे, तुकडे निसटायचे, टेबलाखाली जायचे. त्या गुडघ्यांवर हात ठेवून वाकायच्या, तुकडा शोधायच्या आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवायच्या. कधी चित्राकडं बघून म्हणायच्या, "येवढं मोटं घर आन् ओसरी न्हाई. आलंगेलं माणूस बसायचं कुटं?" एकदा मला हसू आवरेना. मला हसताना बघून त्याही हसल्या. त्या घरात आम्ही दोघी एकत्र हसलो, ते पहिल्यांदाच.

नवरात्राच्या थोडं आधी एका दुपारी अंगठा आणि बोट भेटले. टेबलावर सपाट पडलेला तुकडा मी चिमटीत उचलला. "आला की," एवढंच म्हणाल्या आत्याबाई. त्यांचं माहेर हिर्डोशीचं, डोंगरातल्या नाचणीच्या मुलखातलं. त्या रात्री त्यांनी चुलीवर नाचणीची भाकरी स्वतः थापली आणि पहिली माझ्या ताटात वाढली.

पण कातर चालत नव्हती. मी गुपचूप धरून बघायचे. उघडायची, पण मिटायची नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चित्रात एकच तुकडा उरला होता, निळ्या दाराचा. तो मी दसऱ्याला लावायचा म्हणून टेबलाच्या कोपऱ्यावर राखून ठेवला. खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. मी भोरला झेंडूची फुलं आणि बाजार आणायला गेले होते. येईपर्यंत आत्याबाईंनी पूजा मांडली होती. विळा, कोयता, मालकांच्या टेम्पोचे पाने आणि माझी कातर. त्यावर मी आणलेली फुलं त्यांनीच वाहिली, आम्ही हात जोडले. दसऱ्याला सकाळी मालकांनी निर्माल्य गोळा केलं आणि नीरा नदीत सोडून आले.

मग मी दार लावायला टेबलाशी गेले, तर तुकडा नाही. टेबल, सूप, केरसुणी, सगळं पालथं घातलं. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "म्या ठिवला व्हता पूजंत. कातरीशेजारी."

फुलांखालचा तो तुकडा निर्माल्याबरोबर नीरेत गेला होता.

मी काय बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते. "तुमाला माजं कायच नीट झाल्यालं बगवत न्हाई! आदी चोळी, आता ह्ये!" असं सणाच्या दिवशी ओरडले. आत्याबाई म्हणाल्या, "औंदा कातर चालली न्हाई तुजी. हात चालला तो ह्या तुकड्यानं. मग हत्यार कंचं झालं? त्याला हळदकुकू नगं?"

म्हणजे कातरीचं त्यांना ठाऊक होतं.

त्या उठून आत गेल्या आणि वन्संनी गौरीच्या सणाला त्यांना दिलेला कोरा खण घेऊन आल्या. निळाच होता. "ह्यातलं काप. दार कर."

"माज्यानं कातर चालत न्हाई, आत्याबाई," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं होतं.

"दारापुरती चालली तरी बास."

खोक्याच्या पुठ्ठ्यावर खणाचा कोपरा कणकेच्या खळीनं डकवला आणि चित्रातल्या रिकाम्या जागेचा आकार खडूनं त्यावर काढला. मी कातर धरली. उघडली, पण मिटेना. आत्याबाईंनी माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दाबली. कच्च. पुन्हा एकदा. तुकड्याला खाचा होत्या, वळणं होती, घाम फुटला. शेवटच्या वळणावर माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात केव्हाच पदरात गेला होता. कातर मी एकटीच चालवत होते.

दार जरा सैल बसलं, पण बसलं. उरलेला खण मी घडी करून त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, "कोपरा गेला. आता ह्यो घिऊन भोरला जाणार का?"

आत्याबाई उठल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात बाजूला पसरले. "घे माप."

दिवाळीच्या आत चोळी शिवली. कोपऱ्याचं कापड दाराला गेल्यामुळं काखेत जोड द्यावा लागला. काख मात्र चांगली ऐसपैस ठेवली. आत्याबाई अजून तीच चोळी लग्नाकार्याला घालतात आणि चार बायका बसल्या असल्या की हात उंच करून दाखवतात. म्हणतात, "बगा, फाटत न्हाई. सुनंनं शिवलीया."