टिटवीचा अभिषेक

देवा, त्या दिवशी मी तुझ्यावरच भडकले होते, हे आधी कबूल करते. दुसऱ्या दिवशी बारामतीत ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. उजनीचं पाणी उतरलं की बेटावर उघड्या पडणाऱ्या महादेवाला अभिषेक करायचा, एवढंच माझ्या मनात होतं. मोबाईलवर जाहिरात आली, ‘बेटावर दिवसभर दर्शन, गाईडसह’. ह्यांच्यापाशी लेकीला बसवून, घरच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन मी पणदऱ्याहून निघाले. नावेत बसल्यावर कळलं, दर्शन पक्ष्यांचं!

दोन तास फ्लेमिंगोच्या तंगड्या बघितल्या. बाकीची मंडळी फोटो काढण्यात दंग, माझ्या जिवाला घोर. "देवळाकडं कधी न्यायचं?" विचारलं, तर गाईडबाई, तिथल्याच मच्छीमाराची सून, म्हणाली, "काकू, हळू बोला, पाखरं उडत्यात." अगं बाई, इथं माझा जीव उडालाय, त्याचं काय?

दुपारी नाव बेटाला लागली. समोरच देऊळ. मी तरातरा निघाले, तोच डोक्यावर टिटवी ओरडायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी टिटवी! "मेले, आजच सुचलं का तुला?" म्हणत मी पुढं पाय टाकला आणि गाईडबाईनं दंड धरून मला मागं ओढलं. "काकू, खाली बघा! अंडी हायती तिची." माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर, उघड्या खड्यांत चार अंडी होती. पुढंही सगळीकडं अशीच अंडी, देवळापर्यंत आज कुणालाच जाता येणार न्हाय, म्हणाली. मी संतापून रडलेच. "पाखराची अंडी मोठी आन् माझं कुंकू बारकं व्हय?" ती मला नावेत बसवून हात धरून शेजारी बसली.

नाव लांब गेल्यावर टिटवी खाली उतरली. पाण्यात पोट भिजवून तुरुतुरु आली आणि अंड्यांवर बसली. पुन्हा गेली, पुन्हा आली. "उन्हानं तापू न्हायत म्हणून करती," गाईडबाई हळूच म्हणाली. उन्हाच्या तलखीत महिनाभर ओलं फडकं घेऊन मीही ह्यांच्या उशाशी अशाच खेपा घातल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. महादेवाच्या दारात अभिषेक चालूच होता, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी तांब्या तिथंच पाण्यात रिता केला. म्हटलं, "महादेवा, आता तुझं तू बघ."

हे सुखरूप घरी आले, ती तुझीच कृपा. मी नुसता हट्ट केला होता. जाहिरातवाल्याला मात्र अजून माफ केलेलं नाही.

परवा बांधावर टिटवी ओरडली. हे दचकून म्हणाले, "अपशकुन!"

मी खेकसलेच, "गप बसा वो! पिल्लांसाठी पाणी आणाया गेलीय ती."